‘पार्सल पोहोचलं’ म्हणजे नक्की कुठे पोहोचलं?

मे महिन्यातली दुपार होती. सासऱ्यांच्या शुगर तपासायच्या पट्ट्या संपत आल्या होत्या, डबीत शेवटच्या दोन उरलेल्या. ऑनलाइन मागवलेलं पार्सल त्याच दिवशी यायचं होतं, म्हणून इंदिरानगरातल्या आमच्या तळमजल्याच्या घरात मी दाराशीच वह्या तपासत बसले होते. चार वाजून बारा मिनिटांनी मोबाइलवर मेसेज आला: ‘तुमचं पार्सल पोहोचवण्यात आलं आहे.’ बेल वाजली नव्हती, गेटपाशी कोणी नव्हतं. जिन्यात, मीटरबॉक्सच्या वर, वॉचमनच्या खुर्चीखाली, सगळीकडे पाहून आले. कुठेच काही नाही.

कस्टमर केअरला फोन लावला. तिकडची मुलगी अगदी शांतपणे म्हणाली, “मॅडम, सिस्टीममध्ये जीपीएस लोकेशन मॅच होतंय. पार्सल तुमच्याच पत्त्यावर दिलेलं आहे.” यावर काय बोलावं ते मला सुचेना. आकाशातला उपग्रह साक्षीला उभा केल्यावर माझ्या शब्दाला काय किंमत राहणार? संध्याकाळी सात वाजता पलीकडच्या गल्लीतल्या एक काकू पार्सल घेऊन आल्या. त्यांच्या अपार्टमेंटचं आणि आमच्या अपार्टमेंटचं नाव एकच आहे. एका कॉलनीत एकाच देवाच्या नावाच्या दोन-तीन इमारती असणं आपल्या नाशकात काही नवीन नाही.

म्हणजे उपग्रह चुकला नव्हता, पार्सल देणारा मुलगा खोटं बोलला नव्हता आणि मीही नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे हे ‘मॅच होतंय’ मला स्वस्थ बसू देईना. त्या दोन शब्दांत तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र कोंबलेल्या असतात: मोबाइल कुठे होता, तुमचा पत्ता नकाशावर कुठे धरला आहे आणि वस्तू कोणाच्या हातात गेली. या तिन्ही सुट्या करून पाहिल्या, तर अशी भांडणं बरीच कमी होतील असं मला मनापासून वाटतं.

आधी मोबाइलचं पाहू. उपग्रह आपल्याला वरून पाहतो, हा समज मुलांमध्ये आणि मोठ्यांमध्येही सारखाच आढळतो. जीपीएसचा उपग्रह काहीही पाहत नाही. तुम्ही कुठे आहात हे त्याला कधीच कळत नाही. तो फक्त एक काम करतो: ‘मी अमुक उपग्रह, आत्ता इथे आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजलेत’ असं सतत सांगत राहतो. आपला मोबाइल ते ऐकतो आणि गणित स्वतः करतो.

लहानपणी वीज चमकली की गडगडाट ऐकू येईपर्यंत आपण आकडे मोजायचो. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर, एवढ्यावरून वीज किती लांब पडली ते ठरवायचो. मोबाइल हेच करतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांचा संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला तीन लाख किलोमीटरने येतो. डोक्यावरच्या उपग्रहाचा संदेश खाली पोहोचायला सेकंदाचा जेमतेम पंधरावा भाग लागतो. तेवढा वेळ मोजला की अंतर कळलं.

एका उपग्रहाचं अंतर कळून जागा मात्र कळत नाही. समजा कोणी फोनवर म्हणालं, “मी त्र्यंबकपासून सरळ रेषेत वीस किलोमीटरवर आहे.” तर त्र्यंबकभोवती वीस किलोमीटरचं एक वर्तुळ काढता येईल आणि तो माणूस त्या वर्तुळावर कुठेही असू शकेल. त्यानेच सिन्नरपासूनचं अंतर सांगितलं तर दुसरं वर्तुळ पहिल्याला दोन जागी छेदेल. ओझरपासूनचं सांगितलं की एकच जागा उरेल. उपग्रहांच्या बाबतीत वर्तुळांऐवजी गोल असतात, एवढाच फरक. तिथेही तीन अंतरांवर काम भागायला हवं होतं, पण लागतात चार. कारण आपल्या मोबाइलमधलं घड्याळ साधं आहे, उपग्रहावरच्या अणुघड्याळाच्या जवळपासही ते जात नाही. त्याची चूक सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाएवढी जरी असली तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. म्हणून चौथ्या उपग्रहाच्या मदतीने मोबाइल आधी स्वतःचं घड्याळ दुरुस्त करून घेतो.

वर्गात मुलांना सर्वांत जास्त आवडणारी गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. उपग्रहावर गुरुत्वाकर्षण कमी असतं, शिवाय तो वेगात असतो. आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे या दोन्हींचा मिळून परिणाम असा, की त्याचं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दशलक्षावा भाग) पुढे जातं. हा फरक आधीच धरून ठेवला नसता, तर एका दिवसात अकरा किलोमीटरच्या आसपास चूक साठली असती आणि पंचवटीचं पार्सल शहराच्या बाहेर दाखवलं असतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कागदावर मांडलेलं गणित आज आपल्या दारातल्या खोक्यासाठी वापरात आहे.

जीपीएस हे अमेरिकेच्या यंत्रणेचं नाव. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बायडू आणि आपल्या इस्रोची नाविक अशा आणखी यंत्रणा आहेत आणि आजचे बरेचसे मोबाइल एकाच वेळी त्यांतल्या कित्येक ऐकतात. नाविकच्या मालिकेतला पहिला उपग्रह २०१३ च्या जुलैत सोडला गेला. जीपीएसमध्येही सामान्य लोकांसाठीचे संदेश अमेरिका मुद्दाम बिघडवत असे, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत चूक व्हायची. २ मे २००० रोजी ते बंद झालं. ते तसंच चालू राहिलं असतं, तर घरपोच पार्सलची खात्री करायला या तंत्राचा काडीचा उपयोग झाला नसता.

आज मोकळ्या आकाशाखाली चांगला मोबाइल साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर जागा सांगतो. गंगापूर रोडला धरणाकडे जाताना उघड्यावर उभं राहून पाहा, निळा ठिपका पायाखालीच असतो. तोच मोबाइल घेऊन सराफ बाजारात किंवा भद्रकालीच्या आतल्या गल्लीत जा. दोन्ही बाजूंना वाडे, वर दिसणारं आकाश म्हणजे एक चिंचोळी पट्टी. बहुतेक उपग्रह भिंतींमागे लपलेले. काहींचा संदेश समोरच्या भिंतीवर आपटून येतो, तो जास्त वाट चालून आलेला असतो, पण मोबाइलला ते कळतंच असं नाही. त्याला वाटतं उपग्रहच तेवढा लांब आहे. मग ठिपका गल्ली ओलांडून पलीकडच्या वाड्यात जाऊन बसतो.

उपग्रहाची प्रक्षेपण शक्ती घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बच्या तोडीची, आणि तो वीस हजार किलोमीटरवर. त्यामुळे खाली पोहोचेपर्यंत संदेश इतका क्षीण झालेला असतो, की सिमेंटच्या एका स्लॅबखालीही तो धड ऐकू येत नाही. पावसाळी ढगांचा त्याला फारसा त्रास नाही. त्रास होतो तो शंभर किलोमीटरच्या आसपास सुरू होऊन पुढे वर पसरलेल्या आयनोस्फिअर नावाच्या विद्युतभारित थराचा. त्यातून येताना संदेश रेंगाळतो. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं (केरळातल्या थुंबाला रॉकेट केंद्र काढण्याचं ते एक कारण होतं), म्हणून हा थर आपल्याकडे जरा जास्तच अस्वस्थ असतो.

इमारतीत शिरल्यावर उपग्रह ऐकू येईनासे झाले की मोबाइल आसपासची वाय-फाय आणि मोबाइल टॉवर यांच्यावरून अंदाज बांधतो. आपल्याला दिसतो तो एकच ठिपका, मागे मात्र कधी उपग्रह असतात, कधी शेजाऱ्यांचं वाय-फाय. आणि उंचीच्या बाबतीत तर हे तंत्र आणखी कमजोर. सगळे उपग्रह वरच्याच बाजूला, खालून कोणीच नाही, म्हणून वर-खालची चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी असते. पहिला मजला की चौथा, हे ठिपक्यावरून ठरवू नये.

आता त्या ठिपक्याभोवतीच्या फिकट निळ्या वर्तुळाकडे लक्ष द्या. बहुतेक जण ते शोभेचं समजतात, पण मला विचाराल तर ठिपक्यापेक्षा तेच जास्त प्रामाणिक आहे. मोबाइल सांगत असतो, ‘मी बहुधा या वर्तुळाच्या आत आहे.’ अँड्रॉइडमध्ये अचूकतेचा जो आकडा नोंदला जातो, त्याचा अर्थ असा, की खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के. म्हणजे तीन वेळांपैकी जवळजवळ एकदा ती वर्तुळाच्या बाहेरही असू शकते. कस्टमर केअरच्या ‘मॅच’मध्ये हा आकडा कुठे असतो? मला तरी कोणी तो आपणहून सांगितला नाही.

पार्सल चुकल्यानंतर आठवडाभराने दुसरं काही घेऊन एक मुलगा आला, तेव्हा मी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, “दादा, तुझ्या ॲपमध्ये हे लोकेशन कसं दिसतं, दाखवशील?” त्याने घाम पुसत मोबाइल पुढे केला. खाली एक रुंद बटण होतं, राखाडी. “बघा ताई, तुमच्या गेटवर उभा आहे, तरी दाबलं जात नाही.” तो आमच्या भिंतीच्या कडेने कोपऱ्यावरच्या कडुनिंबाकडे चालू लागला, मी मागे. दहा पावलं, वीस पावलं. निंबाच्या पुढे, मोकळ्या प्लॉटच्या तोंडाशी पोहोचल्यावर बटण हिरवं झालं. “तुमचं घर यात इथे धरलंय,” तो म्हणाला, “रोज दहा-बारा ठिकाणी असंच होतं. उन्हात बटण हिरवं होईपर्यंत फिरायचं.”

दुसरी गोष्ट ती हीच. कंपनीच्या संगणकात तुमच्या पत्त्याचाही एक ठिपका असतो. त्याच्याभोवती एक अदृश्य कुंपण आखलेलं असतं, याला जिओफेन्स म्हणतात. मुलाचा मोबाइल त्या कुंपणाच्या आत आला की बटण उघडतं आणि नोंद होते, ‘लोकेशन मॅच’. कुंपण समजा १०० मीटर त्रिज्येचं असेल, तर त्याच्या आतली जागा होते जवळजवळ पावणेआठ एकर. पावणेआठ एकरांची द्राक्षबाग डोळ्यांसमोर आणा. त्या बागेत कुठेही उभं राहिलं तरी ‘तुमच्या दारात’. इंदिरानगरसारख्या दाट वस्तीत तेवढ्यात कितीतरी इमारती बसतात. आमच्या नावाची दुसरी इमारतही त्यातच बसली होती.

मग कुंपण लहान का करत नाहीत? कारण पत्त्याचा ठिपकाच भरवशाचा नसतो. आपले पत्ते वाचून पाहा: ‘दत्त मंदिराच्या मागे, पिठाच्या गिरणीसमोरची गल्ली, पवननगर, सिडको’. माणसाला यातून घर सापडतं, कारण तो गिरणीवाल्याला विचारतो. संगणकाला हे शब्द आकड्यांत बदलावे लागतात. त्याला गल्ली नाही सापडली तर तो कॉलनीचा मध्य धरतो, कॉलनी नाही सापडली तर पिनकोडच्या हद्दीचा मध्य. त्यामुळे मोबाइलची चूक पाच-दहा मीटरची असताना पत्त्याच्या ठिपक्याची चूक शंभर, दोनशे मीटर किंवा त्याहूनही जास्त असू शकते. दोष उपग्रहाला दिला जातो आणि खरी गडबड असते ती जमिनीवरच्या पत्त्यात.

ही अडचण जुनी आहे. एकाच नावाची गावं, निरनिराळ्या लिप्या, न लागणारं अक्षर यांतून वाट काढायला १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला आणि त्यामागे होते टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृत कवी म्हणूनही ओळखले जाणारे मराठी गृहस्थ. ४२२००३ लिहिलं की पत्र पंचवटीला जातं. पण सहा आकडे टपाल कार्यालयापर्यंतच नेतात, पुढचं पोस्टमनच्या पायांवर आणि ओळखीवर. २०२५ साली टपाल खात्याने डिजिपिन आणला, तो पुढची पायरी म्हणायला हरकत नाही. सगळा देश सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या चौकटींत वाटून प्रत्येक चौकटीला दहा अक्षर-अंकांचा संकेत दिला आहे. तुमच्या गेटची चौकट ठरलेली, तिच्यात कॉलनीच्या मध्याचा प्रश्न येत नाही. मजला मात्र त्यातही येत नाही, तो हातानेच लिहायचा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि तिच्याबद्दल उपग्रहाला काडीचीही माहिती नाही. लोकेशनची नोंद त्या मुलाच्या मोबाइलची असते. पार्सल त्याच्या हातात होतं की पिशवीत राहिलं, गेटवर ठेवलं की शेजाऱ्याला दिलं, यातलं ती काहीच सांगत नाही. त्यासाठी फोटो, सही किंवा ओटीपी लागतो. फोटोत दार आणि इमारतीचं नाव दिसत असेल तर तो चांगला पुरावा, फरशीवर ठेवलेल्या खोक्याचा जवळून काढलेला फोटो कोणत्याही फरशीचा असू शकतो. ओटीपी या सगळ्यांत पक्का, पण पार्सल हातात पडल्यावरच सांगितला तर. फोनवर आधीच मागितला तर देऊ नये, समोरचा कितीही घाईत असला तरी.

लोकेशन खोटं दाखवणारी ॲप असतात, हेही खरं. पण ते वाटतं तितकं सोपं राहिलेलं नाही. बनावट लोकेशन चालू असल्याची खूण अँड्रॉइड ॲपला देऊ शकतं. शिवाय सातपूरहून नाशिकरोडला एका मिनिटात पोहोचलेला मोबाइल, किंवा टॉवर एका भागातला आणि ठिपका दुसऱ्याच भागात, अशा विसंगती संगणकाला शोधता येतात. आणि ही नोंद गिऱ्हाइकाच्याही कामी येते. ‘आलो होतो, घर बंद होतं’ असा शेरा पडला आणि त्या वेळी मोबाइल द्वारका चौकात होता, तर खरं काय ते उघड आहे.

त्या मुलांच्या बाजूनेही हे पाहायला हवं. गिऱ्हाईक ‘मिळालंच नाही’ म्हणालं तर नुकसान बऱ्याचदा त्यांच्या माथी येण्याची भीती असते, तेव्हा गेटपाशी चार मिनिटं थांबल्याची नोंद हाच त्यांचा आधार. तीच नोंद चुकीच्या ठिपक्याशी ताडून पाहिली, तर दारात येऊन गेलेला मुलगा खोटा ठरतो. म्हणून कंपन्यांनी ‘मॅच’ आणि ‘मॅच नाही’ असे दोनच शिक्के मारणं मला मान्य नाही. मोबाइल पत्त्याच्या ठिपक्यापासून किती मीटरवर होता, अचूकतेचा आकडा किती होता आणि कुंपण किती मोठं होतं, हे तीन आकडे दोन्ही बाजूंना दाखवावेत. ते संगणकात आधीपासून असू शकतात, दाखवायला वेगळा उपग्रह सोडावा लागत नाही.

मी तक्रारीत तेच मागितलं. ई-कॉमर्ससाठी २०२० चे ग्राहक संरक्षण नियम आहेत, त्यांनुसार कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात ती निकाली काढावी लागते. तिथे दाद लागली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. मला अठराव्या दिवशी ईमेलमध्ये अक्षांश-रेखांशाची एक जोडी मिळाली. ती वाचायची कशी हे एकदा कळलं की सोपं आहे. नाशिक जवळजवळ २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, त्यामुळे दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या आकड्यात एकाचा फरक म्हणजे सुमारे अकरा मीटर आणि पाचव्यात एकाचा म्हणजे सुमारे एक मीटर. त्यांनी पाठवलेल्या आणि आमच्या गेटच्या अक्षांशात चौथ्या जागी सहाचा फरक होता, रेखांश तर जवळजवळ तोच. सहासष्ट मीटर, आमच्या दारापासून काकूंच्या जिन्यापर्यंत.

ॲपच्या नकाशावरची आमच्या पत्त्याची खूण, म्हणजे पिन, दुरुस्त करायला पाच मिनिटं लागली. घरात पंख्याखाली बसून ते करू नये. गेटबाहेर उघड्यावर जायचं, निळं वर्तुळ लहान होईपर्यंत थांबायचं, नकाशा उपग्रह चित्रात बदलून स्वतःच्या इमारतीचं छप्पर ओळखायचं आणि पिन बोटाने सरकवून गेटवर ठेवायची. ज्या ज्या ॲपमध्ये पत्ता दिला आहे तिथे प्रत्येक ठिकाणी हे वेगळं करावं लागतं. पत्त्याच्या ओळीत मी ‘निळं लोखंडी गेट, कडुनिंबाच्या अलीकडे’ असंही घातलं. काकूंच्या मोबाइलवरही त्याच संध्याकाळी करून दिलं.

मग रविवारी मावशीकडे गेले, जुन्या नाशकात. तिचा वाडा गल्लीच्या आत, दोन वळणं घेऊन. चौकात उभी राहून मोबाइल पाहिला तर निळं वर्तुळ शेजारचे चार वाडे गिळून बसलेलं आणि काही केल्या लहान होईना. दिंडी दरवाजातही तीच गत. शेवटी आम्ही दोघी गल्लीच्या तोंडाशी पाराजवळ आलो. तिथे आकाश मोकळं आहे, वर्तुळ आक्रसून पाराएवढं झालं. पिन तिथेच ठेवली आणि पत्त्यात मावशीने सांगितलं तसं लिहिलं: ‘पाराजवळ थांबून फोन करा, मी घ्यायला येते.’